रंधा ते राजूर

१५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली आणि आम्ही फजरनंतर संगमनेरहून निघालो. गाडी भाईजान चालवत होते. सोबत भाभी, अम्मी आणि मुले. प्रवरेच्या काठाने अकोले येईपर्यंत रस्ता ओळखीचा. राजूर सोडल्यावर मात्र मुलक बदलतो. डोंगर जवळ येतात, भाताची खाचरे पाण्याने भरलेली, आवणी उरकून बायाबापड्या बांधावर बसलेल्या. कळसूबाईचे शिखर ढगात होते. १६४६ मीटर उंच, राज्यात सर्वांत उंच, एवढे मुलांना सांगून आम्ही मास्तरकी उरकली.

भंडारदऱ्याला धरणाखालच्या बागेत जोहर अदा केली. १९२६ साली बांधून झालेली ती दगडी भिंत आणि तिच्या पायथ्याशी छत्रीसारखा पसरणारा पाण्याचा पडदा पाहताना वेळ कसा गेला कळले नाही. परतताना रंधा धबधबा पाहिला. तिथेच उशीर झाला. आणि उशीर झाला की भाईजानांचा पाय वेगावर जातो.

रंधा सोडल्यावर पुढे एक ट्रॅक्टर होता. भुरभुर पाऊस, रस्त्यावर चाकांनी आणलेला चिखल. वळणावर भाईजानांनी ट्रॅक्टरला बगल दिली आणि समोरून मोटारसायकल आली. पोराने ब्रेक दाबला, गाडी घसरली, तो आमच्या बोनेटवर आदळून बाजूला पडला. चूक आमची होती. हे लिहायला आज हात कचरत नाही, पण त्या क्षणी गाडीत कोणी बोलले नाही.

भाईजानांचे पहिले वाक्य होते, "इथे थांबायला नको. माणसे जमतील, नाव विचारतील." पुढचे त्यांनी बोलायची गरज नव्हती. अशा वेळी आपल्या घरात जी भीती मनात येते, तीच आमच्याही आली. राजूरला जाऊन फोन करू, असे आम्हालाही क्षणभर वाटले. तेवढ्यात भाभी दार उघडून खाली उतरल्यासुद्धा. मग निघायचा प्रश्नच राहिला नाही.

पुढे आम्ही कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते की, जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमावाच्या क्षोभामुळे ते शक्यच नसेल तर सूट आहे. म्हणजे आमची भीती कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होती. पण ती सूट पळून जाण्याची नव्हे. पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि २४ तासांच्या आत कळवावेच लागते. शिवाय क्षोभ खरोखर दिसला पाहिजे, मनात धरलेला चालत नाही.

आमच्याकडे क्षोभ आलाच नाही. खाचरातून घोंगडी पांघरलेले एक म्हातारबाबा आले. "पाव्हणं, घाबरू नका. आधी पोराचं बघू," एवढेच म्हणाले. आम्ही पोराला उचलून गाडीत घालायला निघालो तर त्यांनीच अडवले. पाय मोडलाय, ओढू नका. ते बरोबर होते. श्वास चालू असेल आणि जागा धोक्याची नसेल, तर मान-पाठ हलवू नये, हेल्मेट ओढून काढू नये, पाणी पाजू नये. मांडीतून रक्त वाहत होते, तिथे भाभींनी ओढणीची घडी घट्ट दाबून धरली आणि पुन्हा पुन्हा उचलून पाहिली नाही. आम्ही गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवले. ट्रॅक्टरवाला मागच्या वळणावर बॅटरी घेऊन उभा राहिला, नाहीतर धुक्यात आणखी एखादी गाडी येऊन आदळली असती.

रेंज नव्हती. थोडे चढावर गेल्यावर १०८ लागला. आम्ही म्हणालो, "अकोल्यात अपघात झालाय." पलीकडून विचारले, "अकोला जिल्हा का?" मराठीचे व्याकरण शिकवणाऱ्या माणसाची ही फजिती! अकोला काय आणि अकोले काय, सप्तमीत दोन्ही 'अकोल्यात'च. तेव्हा या भागातून फोन करताना आधी जिल्हा अहिल्यानगर म्हणावे, मग तालुका, मग जवळचे गाव आणि मैलाचा दगड. पोलिसांसाठी ११२.

रुग्णवाहिका येईपर्यंत भाईजानांनी खिशातून पैसे काढले. बाबांनी हात मागे सारला. रस्त्यावर मिटवामिटवी करण्यात कोणाचेच हित नसते. दवाखान्यात अपघाताची पोलिसांसाठी नोंद होतेच, आणि भरपाई देण्यासाठीच तर विमा असतो. गाड्या हलवण्यापूर्वी आम्ही फोटो काढले, त्यांत आमची गाडी वळणावर उजवीकडे गेलेली स्पष्ट दिसते. तेही तसेच ठेवले.

बाबा एकाच गोष्टीला घाबरत होते. "माझं नाव पोलिसात नको." त्यांना भीती कोर्टाच्या खेपांची. तेव्हा आम्हाला सांगता आले नाही, आता सांगतो. २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची सक्ती नाही, दवाखाना त्याला अडकवून ठेवू शकत नाही की पैसे मागू शकत नाही. ही माहिती मशिदीबाहेरच्या फलकावर लागावी, असे फार वाटते.

पोलीस ठाण्यात भाईजानांनी जबाब दिला. घरी आम्ही 'हादसा' म्हणत होतो, कागदावर 'अपघात' झाला. विम्याच्या बाबतीत मात्र चुकलो. एजंटला फोन केला आणि निश्चिंत बसलो. कंपनीने उशिराबद्दल पत्र धाडले, मग दोन महिने हेलपाटे. लेखी कळवायचे असते, पॉलिसी क्रमांक, वेळ, जागा, जखमी, चालकाचा परवाना, सारे लिहून. पोराच्या उपचारासाठी मे २०२५ पासूनची केंद्राची योजना आहे, ठरलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता. आम्हाला ती तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितली, तोवर त्याच्या मामाने उसनवारी केली होती.

नाव विचारले ते फक्त पोराच्या आईने, रात्री दवाखान्याच्या ओट्यावर. भाभींच्या ओढणीचे रक्ताळलेले टोक हातात धरून म्हणाली, "बाई, तुमचं नाव काय?" भाभींनी सांगितले. ती म्हणाली, "बसा, चहा आलाय."

थंडीत आम्ही त्यांच्या घरी जाऊन आलो. पोरगा काठी घेऊन अंगणात चालत होता. परतताना त्याच वळणाच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर पुढे आला. भाईजान राजूरपर्यंत त्याच्या मागेच राहिले. मुले कंटाळली, पण कोणी काही बोलले नाही.