मनीचं जेवण आणि नातीचे फेरेट

परवा रात्री साडेनऊला नातीचा फोन आला. ती इंग्लंडमध्ये असते. तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजले होते. नेहमीची चौकशी झाली, पणतूचं रांगणं बघून झालं, आणि मग ती एकदम म्हणाली, "आजी, तू मनीला हाडं देतेस का गं? कच्ची देतेस की शिजवून?"

आता पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला कोणी असा प्रश्न विचारतं का? पण कारण तसंच होतं. नातीच्या घरी दोन फेरेट आहेत. फेरेट म्हणजे लांबडा, केसाळ, मुंगसासारखा दिसणारा प्राणी. दिसायला मुंगसासारखा असला तरी तो मुंगसाच्या कुळातला नाही, आपल्या खाडीतल्या पाणमांजराच्या कुळातला. युरोपात सशाच्या बिळात सोडायला म्हणून तो दोनेक हजार वर्षांपासून माणसानं पाळलेला आहे. दिवसातले चौदा-पंधरा तास झोपतो आणि उरलेल्या वेळात घर डोक्यावर घेतो, असं नात सांगते. तर या दोघांना कच्चं मांस आणि हाडं द्यायची असं तिनं ठरवलं होतं, आणि सासरी वाद चालू होता. "निसर्गात कोण त्यांना शिजवून घालतं?" हा तिचा मुद्दा.

तिचं ते वाक्य ऐकलं आणि मी जरा गप्पच झाले. कारण अगदी हेच वाक्य मी दोन वर्षांपूर्वी याच ओटीवर बसून म्हटलं होतं आणि त्यापायी मनी मरता मरता वाचली होती.

आमचं घर मिरकरवाड्यात, बंदरापासून चालत पाच मिनिटांवर. इथे मांजराला खायला काय घालायचं हा प्रश्न कोणाला पडत नाही. पहाटे होड्या लागतात, लिलाव होतो, पाट्यांतून सांडलेलं म्हावरं जेटीवर पडतं, आणि मांजरं, कावळे, घारी आपापला वाटा उचलतात. आमचे हे होते तोवर मनीचं सगळं तेच बघायचे. ते गेले आणि मनी माझ्या गळ्यात पडली. खरं तर मीच तिच्या गळ्यात पडले म्हणायला हवं. रिकाम्या घरात सकाळी आपली वाट बघणारं कोणीतरी असणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं.

माझा एक जुना विद्यार्थी आता होडीचा मालक आहे. सातवीत त्याचे पाढे पाठ होईनात म्हणून मी त्याला रोज शाळा सुटल्यावर बसवून घ्यायची. तो त्या हिवाळ्यात रोज सकाळी "बाई, मनीसाठी" म्हणून पिशवीभर तारली दारात ठेवून जायचा. मनीला तारली जीव की प्राण! ती इतर काही खाईना. दूधभात हुंगून मागे फिरायची. मीही म्हटलं, निसर्गानं दिलंय ते खाऊ दे. दोन-अडीच महिने ती फक्त कच्ची तारली खात होती.

मग एके दिवशी तिनं तारलीलाही तोंड लावलं नाही. वाटलं, कंटाळली असेल. चार दिवसांनी चालताना तिचा तोल जायला लागला, आणि मान अशी खाली झुकली की हनुवटी छातीला टेकलेली. भर उन्हात बाहुल्या मोठ्या काळ्याभोर. मला वाटलं हिला विषबाधा झाली किंवा कोणी काठी मारली. टोपलीत घालून रिक्षानं शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी तिची मान बघितली, डोळ्यांवर विजेरी मारली आणि एकच प्रश्न विचारला, "काय खायला देता?"

मी अभिमानानं सांगितलं, "ताजी तारली. रोज."

ते म्हणाले, "कच्ची?"

त्यांनी मग जे समजावलं ते मी इथे माझ्या भाषेत सांगते. तारली, पेडवे यांच्या कुळातल्या बऱ्याच माशांच्या अंगात थायमिनेझ नावाचं एक द्रव्य असतं. ते बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, नासवतं. कधीमधी कच्चा मासा खाल्ला तर बिघडत नाही. पण रोज तेच आणि तेवढंच खाल्लं तर शरीरातला थायमिनचा साठा संपतो, आणि मांजराला त्याची गरज मुळात जास्त. मग मेंदू आणि नसा ढासळायला लागतात. मासा शिजवला की उष्णतेनं ते द्रव्य निकामी होतं. बस्स, एवढीच गोष्ट! हे काही नवीन ज्ञानही नाही. १९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात चास्टेक नावाच्या माणसाच्या शेतावर कातड्यासाठी पाळलेले कोल्हे कच्चे मासे खाऊन असेच लुळे पडले होते. त्या रोगाला पुढे त्या मालकाचंच नाव चिकटलं.

मनीला इंजेक्शनं सुरू झाली. पहिली रात्र मी तिच्यापाशी बसून काढली. तिसऱ्या दिवशी तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला रडू आलं हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. आणि लाज वाटायची तर ती दुसऱ्याच गोष्टीची. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी, पण शिक्षक कमी पडले की विज्ञानाचे तासही घ्यायची. 'समतोल आहार' हा धडा मी किती वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवला! एकाच पदार्थानं पोट भरतं, शरीर भरत नाही, हे वाक्य माझ्या मुलांना तोंडपाठ होतं. आणि घरातल्या मुक्या जिवाला मी महिनोन्‌महिने एकच पदार्थ घालत होते, तोही कौतुकानं.

तुम्ही म्हणाल, मग जेटीवरची मांजरं कशी धडधाकट असतात? मीही डॉक्टरांना तेच विचारलं होतं. पुढे विचार केल्यावर उत्तर माझं मलाच सापडलं. एक तर ती फक्त तारली खात नाहीत. आज ढोमी, उद्या मांदेली, मध्येच उंदीर, पाल, एखादं पाखरू, हॉटेलामागचं उरलंसुरलं. आणि दुसरं म्हणजे, आपल्याला जी दिसतात ती जगलेली मांजरं. गळाचा आकडा गिळून, शिंगाळ्याचा काटा घशात अडकून, पोट फुगवणारा विषारी मासा खाऊन जी गेली, त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

निसर्ग निसर्ग आपण म्हणतो, पण निसर्गात मांजर अख्खा उंदीर खातं. मांस, हाड, काळीज, रक्त, आतडी, सगळं. आपण देतो तो त्यातला एक तुकडा. नुसतं मऊ मांस दिलं तर चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळत नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडं इतकी ठिसूळ होतात की उडी मारली तरी मोडतात. नुसतं काळीज दिलं तर ए-जीवनसत्त्व जास्त होऊन तेही हाडांना बाधतं. नुसते तेलकट मासे दिले तर ई-जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते. आणि आपल्या आजीच्या काळचा दूधभात? मांजर पक्कं मांसाहारी. त्याला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते प्राण्यांच्या मांसात असतं, भातात नसतं. ते कमी पडलं तर मांजराचं हृदय दुबळं होतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिलं.

फेरेटचंही तसंच, नव्हे अंमळ जास्तच. त्याचं आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. म्हणून त्याला दिवसातून पुष्कळ वेळा थोडं थोडं खायला लागतं, आणि धान्य, फळं, गोड त्याला सोसत नाही. लहानपणी ज्या चवी कळल्या तेच तो पुढे अन्न समजतो. नातीनं सांगितलेला तिकडचा ढोबळ हिशेब असा, की बहुतेक मांस, दहावा हिस्सा हाड, दहावा हिस्सा काळीज-गुर्दा वगैरे आणि त्यातही काळीज निम्मंच. हाड म्हणजे कोंबडीची मान किंवा पंखाचं टोक, कच्चंच. शिजवलेलं हाड कधीच नाही.

हे शेवटचं ऐकून मला आमच्या गल्लीतला लाल्या कुत्रा आठवला. आपल्याकडे ताटातली हाडं गोळा करून दाराबाहेर टाकणं हे पुण्याचं काम समजतात. मीही जन्मभर केलं. कच्चं हाड जरा लवचीक असतं, दाताखाली चुरडतं. शिजलं की ते कोरडं होतं आणि फुटताना त्याच्या सुया होतात. एका लग्नघरच्या जेवणानंतर लाल्यानं कोंबडीची हाडं खाल्ली आणि दोन दिवस कळवळून तो गेला. तेव्हा आम्ही म्हटलं, आयुष्य संपलं त्याचं. आज वाटतं, ते आम्ही संपवलं. शिवाय आपल्या कालवणात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्या-मांजराच्या रक्ताला बाधतो. तेव्हापासून नाही, पण मनीच्या दुखण्यापासून मी ताटातलं हाड बाहेर टाकणं बंद केलं आहे.

असो. तर मी नातीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आजी, कच्चं द्यावं की नाही?"

मी विचारलं, "बाळ कुठे आहे?"

"खाली रांगतोय."

"आणि तुझे फेरेट खाणं कुठे खातात?"

यावर ती हसली. म्हणाली, "अगं, तीच तर गंमत. थोडं खातात आणि उरलेलं सोफ्यामागे लपवून ठेवतात. परवा एक कोंबडीची मान सापडली."

मला काही हसू आलं नाही. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला सारखे जंतू असतात. फेरेटला कदाचित काही होणार नाही, पण दहा महिन्यांचं बाळ हातात येईल ते तोंडात घालतं. गोठवल्यानं काही परजीवी मरतात, जंतू मरत नाहीत, ते नुसते झोपतात. आणि आता तर बर्ड फ्लूची भर पडली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानं दगावले. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात घराबाहेरही न पडणारं एक मांजर गोठवलेलं कच्चं खाद्य खाऊन गेलं. आणि फेरेटचं तर फ्लूशी जुनं नातं. १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटमध्येच. माणसाचा फ्लू त्याला होतो आणि त्याचा माणसाला होऊ शकतो.

मी तिला म्हटलं, "हे बघ, मी काही डॉक्टर नाही. तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचार. पण माझं मत विचारशील तर बाळ चालायला आणि हात धुवायला शिकेपर्यंत कच्चं बंद. त्यांच्यासाठी केलेलं चांगलं तयार खाद्य मिळतं ते दे, वर शिजवलेलं मांस दे, बिनहाडाचं. पुढे द्यायचंच झालं तर पिंजऱ्यात दे, अर्ध्या तासानं उरलेलं उचल, सुरी-पाट वेगळा ठेव, मांस ओट्यावर नाही, फ्रीजमध्येच वितळव. आणि सोफा आजच्या आज सरकव."

थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, मला वाटलं होतं तू माझी बाजू घेशील. तू तर बंदरावरची."

तिला काय सांगू? बंदरावरची आहे म्हणूनच मला वाटत होतं की मला सगळं कळतं. माया होती, ताजं अन्न होतं, परंपरा होती, फक्त चौकशी नव्हती. जीव लावणं सोपं असतं. ज्याला जीव लावला त्याच्या पोटात काय जातंय हे विचारून घेणं जास्त कष्टाचं असतं आणि त्यात आपलं चुकलं हे कळण्याची भीती असते.

काल सकाळी माझा विद्यार्थी पिशवी घेऊन आला. आता तो मिसळ म्हावरं आणतो आणि गळ-बिळ आहे का ते स्वतः बघून देतो. मी मासे साफ करून बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडते, काटे काढते. मनी आता आठवड्यातून तीनदाच मासे खाते, एरवी उकडलेली कोंबडी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मांजराचं खाद्य. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हाही तिचं अडत नाही. तो दारात उभा राहून म्हणाला, "बाई, सगळ्या मिरकरवाड्यात तुमचं एकच मांजर शिजवून खातं!"

मी म्हटलं, "खाऊ दे. तुला पाढे तरी कुठे एका दिवसात आले होते?"

रात्री नातीचा निरोप आला. सोफ्यामागे आणखी दोन तुकडे सापडले म्हणे.