सावळ्या चेहऱ्यांसाठी मॉनिटर

लग्नसराई सुरू झाली की नाशिक जिल्ह्यातल्या कळवण, अभोणा, कनाशी, दळवट भागातले फोटोग्राफर माझ्या टेबलावर हार्ड डिस्क ठेवतात, "ताई, जरा लवकर बघा" म्हणतात आणि पुढच्या ऑर्डरीला पळतात. मी अल्बम डिझाइन करते. कॅमेरा फारसा हातात धरत नाही. दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंचे रंग दुरुस्त करणं, शीट लावणं आणि फाइल नाशिकच्या लॅबला पाठवणं, हे माझं काम.

या धंद्यातलं एक भांडण कायमचं आहे. स्क्रीनवर छान दिसलेलं शीट छापून काळपट येतं. डिझायनर लॅबला बोल लावतो, लॅबवाला म्हणतो फाइलच डार्क होती, फोटोग्राफर दोघांवर चिडतो आणि नवरीची आई उरलेले पैसे अडवून बसते. कारण फार गूढ नाही. ऑफिसकामाचा मॉनिटर खोक्यातून निघतो तोच 250-300 निट्स (उजेड मोजायचं एकक) उजेड फेकत. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलीत असेल तेवढाच तो परत देतो. म्हणून छपाईच्या कामासाठी स्क्रीन 100 निट्सच्या आसपास उतरवावी लागते. स्वस्त मॉनिटर तेवढा खाली आणला की गडद भागातलं सगळं एक होऊन जातं. वरचा साडीचा काठ, खालची सावली, काही वेगळं उरत नाही.

आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या लग्नांत हा गडद भागच जास्त असतो. कोकणा, महादेव कोळी, भिल्ल घरांतली माणसं, बहुतेक सावळी. हळद रात्री, मांडवात डीजेचे निळे-जांभळे एलईडी. साध्या स्क्रीनवर सावळा चेहरा म्हणजे तपकिरी रंगाचा एक सपाट तुकडा दिसतो, आणि मग हात आपोआप उजळपणाच्या स्लायडरकडे जातो. फोटोग्राफरांची चिठ्ठीही बहुधा तीच असते: स्किन फेअर ठेवा. लोकांना गोरं व्हायचं असतं हे खरं. पण निम्मा गोरेपणा स्क्रीनला काही दिसत नाही म्हणून चढवला जातो, असं माझं मत आहे.

नवा मॉनिटर घ्यायचं ठरवलं तेव्हा नाशिकला एम. जी. रोडला फिरले. ट्यूबलाइटच्या झगझगाटात सगळ्याच स्क्रीन सुंदर दिसतात, त्यावर पोपट आणि फळांचे व्हिडिओ लावलेले असतात. रंगाच्या कामात आयझो या जपानी कंपनीचं नाव मोठं, पण ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. बेनक्यू, एसस, डेल यांचेही खास या कामाचे मॉनिटर निघतात. शेवटी 27 इंची, 4के, आयपीएस पॅनेलचा एक घेतला. नव्या स्कूटीएवढे पैसे गेले. काही बचत गटातून उचलले, बाकी हप्त्यांवर. घरात कुणी उघडपणे काही बोललं नाही, पण स्कूटी मात्र अजून जुनीच आहे.

खोक्यावर छापलेल्या गुणांपैकी काही माझ्या फारसे कामाचे निघाले नाहीत. एकाच केबलमधून लॅपटॉप चार्जही होतो, ठीक आहे. स्क्रीन उभी फिरते, वर्षातून कधीतरी फिरवते. 4केचं महत्त्व मात्र शीट उघडलं की कळतं. 12 बाय 36 इंचांचं शीट 300 डीपीआयला म्हणजे 10800 बाय 3600 पिक्सेल. 4के स्क्रीन 3840 बाय 2160. डोळे मिटलेत का, फोकस नेमका कुठे आहे, हे बघायला झूम करून सरकत राहावंच लागतं, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी.

खरा फरक पडला तो कॅलिब्रेशनने. छोटा सेन्सर स्क्रीनवर लटकवायचा, सॉफ्टवेअर एकामागून एक रंग दाखवतं, सेन्सर ते मोजतो आणि फरकाचा हिशेब लावतो. या हिशेबाला डेल्टा ई म्हणतात. तो 2च्या खाली असेल तर सहसा डोळ्याला फरक जाणवत नाही. साध्या मॉनिटरवर ही दुरुस्ती कॉम्प्युटरच्या ग्राफिक कार्डात बसते, आणि तिथे रंगांच्या आधीच मोजक्या असलेल्या पायऱ्या आणखी कमी होतात. माझ्या मॉनिटरमध्ये ती त्याच्या स्वतःच्या चिपमध्ये जाते. साध्या 8 बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या 256 पायऱ्या, माझ्या 10 बिटमध्ये 1024. आकडा ऐकायला कंपनीची जाहिरात वाटतो, पण मांडवामागच्या रात्रीच्या आकाशात पूर्वी पट्टे दिसायचे ते आता दिसत नाहीत.

आणि चेहरे दिसायला लागले. कनाशीकडच्या एका लग्नात नवरदेवाच्या आजीचा फोटो होता, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. सावळ्या कातडीवर जुनं, हिरवट पडलेलं गोंदण. जुन्या स्क्रीनवर ते डाग वाटलं असतं आणि त्वचा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरने पुसून टाकलं असतं. इथे एकेक ठिपका वेगळा दिसत होता. मी चेहरा जवळजवळ तसाच ठेवला, फक्त एलईडीचा जांभळा थोडा उतरवला. फोटोग्राफरला भीती होती की घरचे म्हणतील, गोरं का नाही केलं. घरच्यांनी त्याच फोटोची मोठी फ्रेम मागवली.

सावळेपणाची अडचण काही आजची नाही. फिल्मच्या काळात कोडॅक लॅबना रंग जुळवायला एक नमुना कार्ड द्यायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो; त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी नीट छापली की मशीन नीट, असा हिशेब. लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी लिहिलंय की गडद छटा सुधारायला कोडॅकवर जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींनी, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत वेगळ्या दिसेनात. माणसांच्या तक्रारींनी नव्हे. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि रागही.

रुंद गॅमटची, म्हणजे जास्त रंग दाखवायच्या ताकदीची, दुसरी बाजूही आहे. गडावरच्या देवीचे जुने फोटो लोक मोठे करायला आणतात. 2022 मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदूर काढला आणि त्या नवरात्रात भाविकांना मूळ रूप दिसलं. तेव्हापासून जुन्या शेंदरी रूपाच्या फ्रेमची मागणी वाढली. माझ्या स्क्रीनवर तो शेंदूर पेटल्यासारखा दिसतो. पण निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी या चार शाईंना तो भडक नारिंगी गाठता येत नाही. फोटोशॉपला छपाईचा प्रोफाइल देऊन आधीच बघितलं की रंग मातकट होताना दिसतो. ते गिऱ्हाइकाला छापण्याआधी दाखवून, थोडा लालाकडे सरकवून, त्याची संमती घेते. यात भांडण वाचतं. रंग मात्र वाचत नाही.

खोलीचंही सांगायला हवं. मॉनिटर कितीही महाग असला तरी खिडकीतून ऊन आणि समोर पोपटी भिंत असेल तर डोळा फसतोच. मी भिंतीला करडा रंग दिला, जाड पडदा लावला, मॉनिटरला काळं हूड बसवलं. वीज जाते म्हणून यूपीएस आहेच. कांद्याच्या हंगामात रस्त्याची धूळ एवढी येते की सेन्सर लावण्याआधी काच पुसणं भाग असतं.

एवढं सगळं करून प्रूफ जातं व्हॉट्सअॅपवर. तिथे ते दाबून लहान होतं आणि पाहणारा कुठल्या मोबाइलवर बघतोय त्यावर माझा काही ताबा नाही. मागे एका नवरदेवाच्या मामांनी रात्री फोन केला, सगळी वऱ्हाडी मंडळी कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसतायत म्हणून. विचारत विचारत गेले तर त्यांच्या फोनचा डोळ्यांना आराम देणारा रात्रीचा मोड चालू होता. तेव्हापासून प्रूफसोबत मी एक ओळ पाठवते: रात्रीचा मोड बंद करून बघा. मामांनी तो बंद केला आणि लगेच परत फोन आला, "ताई, आता सगळे निळे दिसतायत."