धावायला फक्त बूट लागत नाहीत

‘धावण्याइतका समतेचा खेळ दुसरा नाही. मैदान नको, बॅट नको, जिमचे पैसे नकोत. बूट घाला आणि रस्त्यावर उतरा. जो येत नाही तो आळशी.’ हे वाक्य गेल्या वर्षभरात मी किमान पन्नास माणसांना ऐकवले असेल. कार्यालयात ऐकवले, लग्नात ऐकवले, एकदा तर सभेच्या भाषणातही घातले आणि टाळ्या घेतल्या. आज ते वाक्य मी जाहीरपणे मागे घेतो आहे. भाषणात घेतलेल्या टाळ्या परत करता येत नाहीत, पण चूक कबूल करता येते.

मी साताऱ्यात राहतो. वय 44, नोकरी कारकुनाची. गेल्या मार्चमध्ये डॉक्टरांनी रक्तदाब 150 च्या वर दाखवला आणि म्हणाले, गोळी सुरू करा किंवा चालायला लागा. खरे तर दोन्ही करा. मी चालू लागलो आणि महिन्याभरात धावू लागलो. पहिल्या दिवशी पोवई नाक्यापर्यंतही दम पुरला नव्हता. जूनपर्यंत 10 किलोमीटर सलग जमू लागले. सप्टेंबरमध्ये साताऱ्याची हिल मॅरेथॉन धावलो. नाव मॅरेथॉन असले तरी अंतर अर्धे, म्हणजे 21 किलोमीटर. पण निम्मी वाट यवतेश्वरच्या घाटाची चढण आहे. पावसात, धुक्यात, 2 तास 24 मिनिटांत ती पुरी केली. गळ्यात पदक पडले आणि डोक्यात हवा गेली. त्याच आठवड्यात जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी पूर्ण 42.195 किलोमीटरची नोंदणी केली.

पूर्ण मॅरेथॉनची तयारी ही वेगळी गोष्ट आहे. साधारण 18 आठवड्यांचे वेळापत्रक असते. आठवड्यातून चार दिवस धावणे आणि रविवारी लांब पल्ला. तो पल्ला हळूहळू वाढवत 30-32 किलोमीटरपर्यंत न्यायचा. कारण साधे आहे. शरीरात साठवलेली साखर साधारण 30 किलोमीटरच्या आसपास संपत येते. त्यानंतर पाय शिशाचे होतात. ती वेळ कशी निभावायची, काय खायचे, पाणी किती प्यायचे, हे शरीराला आधी शिकवावे लागते. मी सगळे शास्त्रशुद्ध केले. एक वही केली. तारीख, अंतर, वेळ, नाडीचे ठोके, खाल्लेली केळी, सगळे रकाने आखले. ती वही मी लोकांना अभिमानाने दाखवत असे.

नोव्हेंबरातला एक रविवार. पहाटे साडेचारला निघालो. कासच्या रस्त्याने 13 किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत. फोन घरी ठेवला होता, खिशात हलतो म्हणून. आठच्या सुमारास घरी आलो आणि दारातूनच ओरडलो, “आज सव्वीस झाले! आंघोळीचं पाणी तापलंय ना?”

घरात कोणी उत्तर दिले नाही. माझी आई पलंगावर पडली होती, चेहरा पांढराफटक. बायको तिच्या पायाशी बसली होती. आई इन्सुलिन घेते. पहाटे तिची साखर एकदम उतरली होती. घामाने भिजली, काहीबाही बोलू लागली. बायकोने साखरेचे पाणी पाजले, मला तीन वेळा फोन लावला. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर वाजत राहिला. मग शेजाऱ्यांना उठवून रिक्षा आणली, दवाखान्यात नेले, परतही आणले. याच वेळात नळाला पाणी आले होते. तेही तिनेच भरले होते.

मी म्हणालो, “मला काय माहीत असं होईल?”

ती म्हणाली, “तुम्हाला माहीत नव्हतं, ते खरंच आहे. तुमच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं. हे कुठं लिहिता?”

ती भांडली नाही. भांडली असती तर मी वाद घातला असता. मला वाद घालता येतो. तिने फक्त प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर दुसरा हिशेब मांडला. आठवड्याला प्रत्यक्ष धावणे साडेसहा तास. जाणे-येणे, व्यायाम, रविवारी दुपारची झोप धरून अकरा तास. 18 आठवड्यांचे झाले 198 तास. म्हणजे आठ तासांचे जवळजवळ 25 कामाचे दिवस. हे तास आकाशातून पडले काय? नळाचे पाणी साडेपाचलाच येते, माझ्या सरावासाठी ते थांबत नाही. मुलीचा डबा सातला लागतो. आईची सुई जेवणाआधी असते. बायको अंगणवाडी सेविका आहे, तिला दहाला हजर व्हायचे असते. मी रस्त्यावर होतो त्या प्रत्येक तासाला घरात माझ्या वाट्याचे काम कोणीतरी करत होते. बूट माझे होते, वेळ तिचा होता.

आता काही मित्र म्हणतील, संसारात असा हिशेब करतात का? तिने प्रेमाने केले. माझे म्हणणे असे की, प्रेमाने दिलेले आणि गृहीत धरून घेतलेले यांत फरक आहे. मी तिला एकदाही विचारले नव्हते. मॅरेथॉनची नोंदणी केली तेव्हा रक्कम सांगितली, वेळ सांगितला नाही. ज्या कष्टाची नोंद होत नाही, ते कष्ट कोणाला दिसत नाहीत. बाहेरच्या जगाबद्दल हे वाक्य मी अनेक व्यासपीठांवरून बोललो आहे. घरात शिरताना ते चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत होतो.

दुसरे मित्र म्हणतील, परिस्थितीचे रडगाणे कशाला? आपल्याच जिल्ह्यातल्या ललिता बाबर यांच्याकडे पाहा. बरोबर आहे, पाहिलेच पाहिजे. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वेळा पहिली येते, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावते, हा आपल्या सर्वांचा अभिमान आहे. पण एका असामान्य बाईने अडथळे ओलांडले, यातून अडथळे नव्हतेच असे सिद्ध होते का? उलट ते किती उंच होते हे सिद्ध होते. तिचे उदाहरण देऊन माझ्या बायकोला आळशी ठरवणे हा तर्क नाही, पळवाट आहे.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. बाईला एवढे अंतर झेपत नाही, असे पुरुष ठामपणे सांगत होते. 1967 साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असताना एक अधिकारी तिच्या अंगावर धावून आला आणि तिचा क्रमांक ओढू लागला. तरी तिने शर्यत पुरी केली. बोस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला 1972 साली. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन आली ती थेट 1984 साली. आज नियमात बंदी नाही. अंगावर धावून येणारा अधिकारीही नाही. पण पहाटे साडेचारला घराबाहेर पडायला एकाच माणसाला मोकळीक असेल, तर दुसऱ्याला अडवायला अधिकाऱ्याची गरज काय? आमच्या घरात तो अधिकारी मी होतो. कोणाचा क्रमांक ओढला नाही, एवढेच.

मग धावणे सोडायचे का? मी तसे म्हणालोही. त्यावर ती म्हणाली, “सोडू नका. तुमचं बीपी उतरलंय. फक्त पाणी भरून जा, आणि दोन सकाळी मला द्या.”

मंगळवार आणि शनिवार तिचे ठरले. त्या दिवशी आईची सुई, मुलीचा डबा, नळ, सगळे माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात मुलीने डब्यातली पोळी तशीच परत आणली. लांब पल्ल्याला फोन कमरेच्या पट्ट्यात आला. सरावातला एक दिवस कमी झाला. बायको आधी नुसती चालली. पंजाबी ड्रेस, जुने कॅनव्हासचे बूट. पहाटेच्या अंधारात एकटीने जायला तिला भीती वाटे. कुत्र्यांची आणि माणसांची. मला वर्षभरात माणसांची भीती एकदाही वाटली नव्हती. तेही वहीत नव्हते. मग शेजारच्या दोघी तिच्याबरोबर निघाल्या.

जानेवारीत मी मुंबई धावलो. 30 किलोमीटरनंतर ठरल्याप्रमाणे पाय शिशाचे झाले आणि पेडर रोडचा चढ समोर आला. तिथे रस्त्याच्या कडेला अनोळखी माणसे संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मीठ हातावर ठेवत होती. आम्ही फेकलेल्या बाटल्या सफाई कामगार उचलत होते. प्रमाणपत्रावर एकच नाव छापले, माझे. वेळ 4 तास 58 मिनिटे. त्यात यांतल्या कोणाचेच नाव नाही.

मार्चमध्ये आमच्या धावणाऱ्या मंडळींनी चौघांची रिले ठेवली. मॅरेथॉनचे अंतर चौघांत वाटून प्रत्येकाला साधारण साडेदहा किलोमीटर. आमच्या संघातल्या एकाची पोटरी धरली. मी घरी विचारले, या वेळी खरोखर विचारले. ती म्हणाली, “चालले तर चालेल का?” मी म्हटले, चालेल.

जपानमध्ये अशा रस्त्यावरच्या रिलेची, एकिडेनची, शंभरावर वर्षांची परंपरा आहे. तिथे धावपटू खांद्यावरचा कापडी पट्टा पुढच्याला देतो. आमच्याकडे मनगटावरची रबरी पट्टी होती. तिसरा टप्पा तिचा, शेवटचा माझा. ती काही ठिकाणी चालली, बहुतेक धावली. 1 तास 34 मिनिटांनी घामाने निथळत आली, पट्टी काढताना तिची बोटे थरथरत होती. “आईंची सुई झाली का?” तिचा पहिला प्रश्न. “झाली. डबाही दिला,” मी म्हणालो. “मग जा आता, उभे काय राहिलात!”

आमचा संघ शेवटून तिसरा आला. कागदावर मात्र चार नावे होती आणि एकच वेळ.

म्हणून नव्याने धावायला लागणाऱ्या बांधवांना एवढेच सांगणे आहे. बूट जरूर घ्या, वही जरूर करा. पण पहिल्या पानावर लिहा, मी बाहेर असताना माझे काम कोण करणार आहे, आणि तिची धावायची पाळी कधी आहे. हा रकाना कोरा राहत असेल, तर समतेच्या खेळाच्या गप्पा मारू नका. मी मारल्या आहेत, म्हणून सांगतो.