तुळशीपत्र

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्या त्या गृहस्थाचा मला अलीकडे पूर्वीइतका राग येत नाही. परक्याच्या मिळकतीवर परस्पर पुण्य जोडणारा म्हणून म्हणीने त्याला कायमचा गुन्हेगार ठरविले खरे. पण त्याची कैफियत कोणी लिहून घेतली आहे काय? घर हलवायाचे, आणि ते तुळशीपत्रही बहुधा शेजारच्या वृंदावनातून न विचारता खुडलेले. म्हणजे ज्याचे स्वतःचे काहीच नव्हते अशा ह्या माणसाला देण्याचे समाधान मात्र अस्सल मिळाले असले पाहिजे.

आजी संक्रांतीला दान सोडी, तेव्हा तबकातल्या नाण्यांवर तुळशीचे पान ठेवून पळीने उदक घाली. शेवटचा थेंब पळीच्या टोकाशी क्षणभर रेंगाळे, आणि तेवढ्या अवधीत ती नाणी नेमकी कोणाच्या मालकीची, असा प्रश्न मला त्या वयातही पडे. त्याच उदकाची आठवण 'पाणी सोडणे' ह्या शब्दांत राहिली असावी. परंतु बुडीत कर्जावर पाणी सोडणाऱ्या सावकाराला दाता कोण म्हणेल?

आमची भाषा ह्या बाबतीत मोठी बेभरवशाची. संक्रांतीला सुवासिनी वाण 'लुटतात', आणि ही लूट करणारी देणारीच असते. सारीपाटावर 'दान' पडते, तेथे दाता कोणीच नसतो. पानदान आणि अत्तरदाणी ही फारसी कुळातली मंडळी निराळी. त्यांचे 'दान' काही देत नाही, उलट सांभाळून ठेवते. शास्त्रकारांनी साम, दान, भेद, दंड असे चार उपाय सांगितले, त्यांतल्या दानाचा लोकांच्या तोंडी 'दाम' कधी झाला, हे कोणाला कळलेही नाही. आणि ज्याने प्रथम तसे म्हटले त्याची जीभ चुकली की त्याला व्यवहार अधिक कळला होता, हे ठरविणे मला तरी अवघड वाटते.

आजीच्या त्या तबकात एकदा माझ्या गल्ल्यातली पावली होती. ती मला न विचारता घेतलेली होती, आणि एका कडेला ठेचलेली असल्यामुळे मी ती पाहताक्षणी ओळखली. मी काही बोललो नाही. थेंब पडला, गुरुजींनी नाणी कनवटीला लावली. ती पावली मी दिली असे म्हणावे, की माझ्याकडून गेली असे म्हणावे? गप्प बसलो, एवढे मात्र नक्की. आणि तो हलवाईही त्या दिवशी घरातच होता की काय, अशी शंका मला आता येऊ लागली आहे.