भरती-ओहोटीचे वाचन

अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. भरती आली की तोच किल्ला होडीवाचून गाठता येत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मी’ ह्या कादंबरीविषयी माझे असेच झाले आहे. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापण्यापूर्वीच ती ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली होती.

अठराव्या वर्षी तीतला भावानंद मला अगदी जवळचा वाटला. लोकसेवेसाठी संसार नाकारणे ते किती सोपे! तिशीत, बिऱ्हाड आणि प्राध्यापकी सांभाळताना, तोच हेकट वाटू लागला. खरे म्हणजे मी माझ्यासाठी सबब शोधीत होतो. आता पन्नाशी उलटल्यावर नजर थबकते ती सुंदरीपाशी. त्याने संसार नाकारला, तेव्हा तिचाही नाकारला गेला.

परवा कन्येने नोकरी सोडून कातकरी वाडीवर शिकवण्याचा बेत सांगितला. ओठांवर आलेला उपदेश मी गिळला. तिची आई मुकाट्याने आत गेली.

“जा,” मी म्हणालो, “पण ह्या होकाराचा निम्मा भार आई उचलणार आहे, एवढे विसरू नकोस.”