लिफीकाठचे चेहरे

डब्लिनला जाणाऱ्याने मूर स्ट्रीट चुकवू नये. 1916 च्या उठावातल्या पुढाऱ्यांनी शरण जाण्याचा निर्णय याच गल्लीतल्या एका घरात घेतला. आज तिथे फळवाल्या बायका खड्या आवाजात भाव सांगतात, आणि पलीकडे आफ्रिकी केशकर्तनालयांत बारीक वेण्या घालण्याचे काम निवांत चाललेले असते.

तिथून मी राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात गेलो. ते 1864 साली उघडले. बर्नार्ड शॉने आपल्या मानधनाचा तिसरा हिस्सा त्याला ठेवला. तिकीट नाही, हे आपल्यासारख्यांच्या दृष्टीने विशेष! मात्र जुन्या दालनांत भेटतात ते सरदार, धर्मगुरू आणि त्यांच्या गोऱ्यापान बायका. मूर स्ट्रीटवरचे चेहरे तिथे शोधावे लागतात.

मला तसा एक सापडला तो एका लहानशा प्रदर्शनात. चित्रकर्तीनेच स्वतःला रंगवले होते. अंगात आईकडचा, गॉलवेचा जाड विणीचा पांढरा लोकरी स्वेटर; डोक्याला वडिलांकडचा, लागोसचा ‘गेले’, म्हणजे योरुबा बायकांचा ऐटदार फेटा. त्याचे कापड अरुंद पट्ट्या विणून, त्या एकमेकींना शिवून तयार होते.

“गालांवर निळा रंग कशाला?” मी विचारले.

“आमच्याकडचा उजेडच तसा आहे,” ती हसून म्हणाली. “गोऱ्या कातडीसाठी शिकवलेले रंग माझ्या चेहऱ्याला पुरले नाहीत. इथे विचारतात, तू मूळची कुठली? लागोसला गेले तर पोरं ‘ओयिंबो’ म्हणतात. म्हणजे गोरी! शेवटी आरसा घेऊन मीच बसले.”

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. 2004 च्या सार्वमताने आयर्लंडच्या भूमीवर जन्मण्याचा आपोआप नागरिकत्वाचा हक्क काढून घेतला. परदेशी आईबापांच्या लेकरांसाठी तेव्हापासून आईबापांच्या वास्तव्याची वर्षे मोजली जातात. दुसरीकडे, नायजेरियन बाप आणि आयरिश आई यांचा मुलगा पॉल मॅकग्रा आयर्लंडकडून 83 फुटबॉल सामने खेळला, आणि सारा देश त्याला आपला म्हणतो!

आपण तरी काय वेगळे करतो? 2017 साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराडपासून मुंबईपर्यंत आपली छाती फुगली. त्यांची आई आयरिश, म्हणून कुणी त्यांना अर्धे वजा केले नाही. मोठ्या माणसाला दोन्ही घरे मिळतात. साध्या पोरीला मात्र दोन्ही दारांत नाव सांगावे लागते.

त्या चित्रातली मुलगी नाव सांगत नव्हती. फेटा किंचित तिरका, नजर सरळ, आणि ओठांवर “बसा ना!” म्हणणाऱ्या यजमानिणीचे हसू.