गाडीत काढलेली रात्र : नांदेड ते लातूर

नांदेडहून लातूर सुमारे १४० किलोमीटर. सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशी गावे मागे टाकत राष्ट्रीय महामार्ग ३६१ लातुरात पोचतो. लोह्याहून एक रस्ता कंधारला, हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याकडे फुटतो. माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे-गाढवे विकायला आलेले लोक जनावरांशेजारीच पथारी टाकतात, आणि उरुसात टेम्पोखाली झोपलेली कुटुंबे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. वाहनाच्या आडोशाने रात्र काढणे या भागाला नवे नाही.

नवी आहे ती 'नीट'ची गर्दी. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे शिकवणीवर्गांची. मे महिन्यात परीक्षेच्या आदल्या रात्री लॉज मिळत नाही, आणि मिळाला तर भाव ऐकून माणूस जिना उतरतो. मग आईबाप गाडीची सीट मागे पाडून पडून राहतात. भाचीच्या परीक्षेला गेलो तेव्हा तिला ओळखीच्या घरी झोपवले. त्यांच्या दोन खोल्यांत आधीच सातजण होते, म्हणून आम्ही उभयतांनी एका पेट्रोल पंपावर, तिथल्या माणसाला विचारून, गाडी लावली. संडास आणि पाणी जवळ, दिवा रात्रभर चालू.

दीडच्या सुमारास बाहेर रस्त्याला लागून उभ्या असलेल्या एका गाडीच्या काचेवर पोलिसाने काठी वाजवली. आत नवरा-बायको आणि म्हातारी आई. बाई घाबरून रडू लागली. पोलीस म्हणाला, "ताई, झोपा, पण इथं नको. मागून ट्रक येतो, त्याला तुम्ही दिसत नाही." हॉल तिकिटाचा फोटो पाहून त्याने गाडी आमच्याच पंपावर आणवली.

तो बोलला ते कायद्याला धरूनच होते. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये गाडीत झोपणे हा गुन्हा नाही. गाडी कुठे आणि कशी उभी आहे, यावर सगळे ठरते. धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करण्यास कलम १२२ची मनाई आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नो पार्किंगमधली गाडी उचलून नेता येते, ते वेगळेच.

कलम १२६ मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर सार्वजनिक ठिकाणी उभ्या गाडीचे इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे उकाड्यामुळे एसी चालू ठेवून सगळे मागच्या सीटवर झोपले, तर नियम मोडला. त्याहून मोठी भीती जिवाची. बंद गाडीत शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतच नाही. लातूरच्या मे महिन्यात काच चार बोटे उघडी ठेवून डास सोसावेत, हे आमचे मत. ओडोमॉस स्वस्त आहे.

पोलिसाने रात्री विचारपूस केली तर रागावू नये. कोण, कुठले, कशासाठी, हे सरळ सांगावे. परवाना व आरसी डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. बायकांसाठी एक गोष्ट लक्षात असू द्या : सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक प्रसंग सोडता, स्त्रीला अटक करता येत नाही; आणि अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये तसे लिहिले आहे. त्या रडणाऱ्या बाईला हे माहीत असते तर तिची निम्मी रात्र वाचली असती.

फजरला पंपावरच्या नळाशी चांगली रांग लागली. वजू करणारे, दात घासणारे, लेकीचा डबा धुणारे, सगळे एकाच रांगेत. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते. केंद्र नसलेल्या एखाद्या शाळेने दोन वर्ग आणि सतरंज्या उघडून दिल्या, तर आमच्यासारखे मास्तर तिथे रात्री पहाऱ्याला बसायला तयार आहेत.